देवघरातला १८६२ चा रुपया: ग्रेड कशी ठरवायची आणि रास्त भाव कसा काढायचा

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आजीच्या देवघरातल्या डब्यात तुम्हाला व्हिक्टोरिया राणीचा १८६२ सालचा चांदीचा रुपया मिळाला. गावातल्या सराफाने वजन केले, ते ११.४८ ग्रॅम भरले. चांदीच्या भावातून घट वजा करून त्याने एक रक्कम सांगितली. त्याच सुमारास भाच्याने मोबाईलवर जाहिरात दाखवली, तिच्यात असाच रुपया अडीच लाखाला होता. तुम्ही विचारता की यातले खरे काय, नाण्याची ग्रेड, म्हणजे अवस्थेची पायरी, कोणती आणि विकायचे झाले तर किती मागावे. आजी दर दिवाळीला ही नाणी चिंच आणि राख लावून घासायची, हेही तुम्ही सांगितले आहे. ते सांगितलेत हे फार बरे केले, कारण तुमच्या नाण्याच्या किमतीत त्याचा वाटा सालापेक्षा मोठा आहे.

सुरुवातीलाच सांगतो, सराफाने सांगितली ती धातूची किंमत आहे आणि जाहिरातीतली ती कुणाची तरी इच्छा आहे. नाण्याची किंमत या दोन्हींपेक्षा वेगळी गोष्ट आहे. ती काढायला तीन प्रश्न क्रमाने सोडवावे लागतात: हे नेमके कोणते नाणे आहे, ते कोणत्या अवस्थेत आहे, आणि अशा अवस्थेतले असे नाणे अलीकडे खरोखर कितीला विकले गेले आहे. बहुतेक लोक थेट तिसऱ्या प्रश्नावर उडी मारतात, तेही फक्त साल टाकून शोधतात, आणि मग एकतर हुरळतात नाहीतर फसतात.

पहिला प्रश्न, नेमके नाणे कोणते. १८६२ हे साल पाहून ते त्या एकाच वर्षी पाडले असेल असे वाटते, पण तसे नाही. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य संपले आणि १८६२ पासून थेट राणीच्या नावाने नाणी निघू लागली. पुढच्या बाजूला मुकुट घातलेली राणी आणि ‘व्हिक्टोरिया क्वीन’ अशी अक्षरे, मागे वेलबुट्टीच्या चौकटीत ‘वन रुपी इंडिया’ आणि साल. पण हे साल नंतरची बारा-एक वर्षे बदललेच नाही. १८७४ पासून खरी साले नाण्यावर येऊ लागली, तोपर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ च राहिले. कंपनीच्या काळातल्या १८४० च्या रुपयाचेही असेच आहे, तोही पुढे कितीतरी वर्षे त्याच सालाने निघत राहिला. त्यामुळे १८६२ चा रुपया जुना असला तरी दुर्मिळ नाही, तो प्रचंड संख्येने पाडला गेला. हे ऐकून तुमचा थोडा विरस होईल, पण पुढचे ऐका.

मुंबईच्या टांकसाळीने या एकाच सालाखाली वेगवेगळ्या वर्षांची खूण म्हणून बारीक टिंबे दिली आहेत. ती मागच्या बाजूला सालाच्या खाली असतात, काही प्रकारांत वरच्या फुलाजवळही असतात. शिवाय राणीच्या प्रतिमेचे आणि मागच्या वेलबुट्टीचे एकाहून अधिक ठसे आहेत. या सगळ्यांच्या जोड्या लावल्या की १८६२ च्या रुपयाचे कितीतरी उपप्रकार होतात. त्यातले काही गल्लाभर मिळतात, काही वर्षानुवर्षे दिसत नाहीत. संग्राहक या टिंबांवरून नाणे मागतात. बाजारात दुकानदार बोलताना ‘झिरो-झिरो’, ‘झिरो-फोर’ असे म्हणताना ऐकाल, ती वरच्या आणि खालच्या टिंबांची मोजणी असते. तुमच्या फोटोत सालाखाली मळ आहे, बहुधा हळदकुंकवाचा थर बसला आहे, आणि मला टिंबे आहेत की नाहीत हे ठामपणे सांगता येत नाही. इथे माझे उत्तर अर्धे राहते. टिंबांचा निकाल लागेपर्यंत पुढचा सगळा हिशेब सर्वसाधारण प्रकार धरून करतो.

खरेखोटेपणाचेही आधीच पाहून घेऊ. या रुपयाचे मूळ वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. १८३५ च्या कायद्याने हे माप ठरले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ टिकले. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर, कडेवर बारीक उभ्या रेघा. तुमचे ११.४८ ग्रॅम वजन हातोहात फिरून झिजलेल्या खऱ्या रुपयाचे शोभेल असेच आहे. उलट झिजलेले दिसणारे नाणे बरोबर ११.६६ भरले असते तर मी जास्त संशयाने पाहिले असते.

घरी करता येण्याजोगी एक चाचणी सांगतो, ती चुंबकापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. चुंबक फक्त लोखंड पकडतो, जस्त-तांब्याचे बनावट नाणे त्याला फसवून जाते. शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणे बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असे धरा. नाण्यावर बुडबुडे चिकटलेले नसावेत. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. या चांदीचे उत्तर १०.३ च्या आसपास येते. तुमच्या ११.४८ ग्रॅमच्या नाण्याला काटा सुमारे १.११ दाखवेल. तेच नाणे जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे चांदी नसलेल्या पांढऱ्या मिश्रधातूचे असते तर आकडा १.३० च्या पुढे गेला असता. नंतर नाणे मऊ सुती कापडाने फक्त टिपून घ्या, पुसू नका. टिपणे आणि पुसणे यात मी का फरक करतो ते पुढे कळेल.

आता ग्रेड. आपल्याकडे बाजारात फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, ऑलमोस्ट अनसर्क्युलेटेड आणि अनसर्क्युलेटेड (चलनात न फिरलेले) ही चढत्या क्रमाने नावे चालतात, बोलताना व्हीएफ, ईएफ, एयूएनसी, यूएनसी. परदेशी ग्रेडिंग कंपन्या यावर १ ते ७० असा आकडा देतात. हा आकडा विल्यम शेल्डन या संग्राहकाने १९४९ साली अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी काढला. ७० चे नाणे १ च्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचे, असा त्यामागचा मूळ हिशेब होता. तो हिशेब कधीच मोडला, आकडे तेवढे राहिले. पण त्यामागचा विचार आजही खरा आहे: ग्रेड ही किमतीची भाषा आहे. म्हणूनच विकणारा एक पायरी वर सांगतो आणि घेणारा एक पायरी खाली.

ग्रेड पाहताना मी आधी सर्वांत उंच जागा पाहतो, कारण झीज तिथूनच सुरू होते. राणीच्या या रुपयावर त्या जागा म्हणजे कानावरचे आणि कपाळाजवळचे केस, गाल, मुकुटावरचे मोती आणि छातीवरच्या वस्त्राची नक्षी. दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते, त्याहून ताकदवान भिंग घेतले की प्रत्येक नाणे वाईट दिसू लागते. दिवा एकच हवा, बाजूने येणारा. नाणे कडेने धरून त्या प्रकाशात सावकाश कलते करायचे. डोक्यावर ट्यूबलाईट असेल तर ओरखडे लपतात, आणि दुकानांत बहुतेक वेळा ट्यूबलाईटच असते.

केस एकसंध सपाट झालेत, मुकुट ओळखू येतो पण मोती एकमेकांत मिसळलेत, वस्त्रावरची नक्षी जवळजवळ गेली, अक्षरे मात्र सगळी वाचता येतात, ही फाइन. केसांच्या बटा वेगळ्या दिसू लागल्या, बरेचसे मोती सुटे आहेत, नक्षीचा निम्म्याहून अधिक भाग शाबूत आहे, ही व्हेरी फाइन. एक्स्ट्रा फाइनमध्ये झीज फक्त टोकांवर, नक्षी पूर्ण, आणि अक्षरांच्या खोबणीत मूळ चमक उरलेली असते. त्यापुढे गालावर आणि केसांवर नुसता घासटल्याचा करडा डाग असला तर ऑलमोस्ट, आणि तोही नसला तर अनसर्क्युलेटेड. अनसर्क्युलेटेड नाण्यावर ठोके असू शकतात, कारण टांकसाळीतून नाणी पोत्यांत भरून जात आणि एकमेकांवर आपटत. लोक ठोका पाहून ‘वापरलेले’ म्हणतात, ते बरोबर नाही. वापर कळतो तो झिजेवरून.

इथे एक अडचण येते. काही नाणी पाडतानाच ठसा नीट उमटलेला नसतो. डाय, म्हणजे ठसा उमटवणारा साचा, झिजलेली असेल किंवा दाब कमी पडला असेल तर नवे कोरे नाणेही मध्यभागी सपाट दिसते. मग ते झिजलेले की कमजोर ठशाचे? सपाट जागेचा पोत आजूबाजूच्या मोकळ्या जागेसारखाच असेल, तीच चमक तिच्यावरूनही फिरत असेल, तर ठसा कमजोर. सपाट जागा गुळगुळीत, मंद आणि वेगळ्या रंगाची असेल तर झीज. फोटोवरून हा फरक सांगणे बऱ्याचदा अशक्य असते. म्हणून फोटो पाहून नेमकी ग्रेड सांगणाऱ्यावर, त्यात मीही आलो, पूर्ण भरवसा ठेवू नका. हातात नाणे घेऊन पाहणारे दोन जाणकारही अर्ध्या पायरीने वेगळे बोलतात, आणि तो मतभेद प्रामाणिक असतो.

आता मुद्दा येतो पृष्ठभागाचा. या छंदात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत जास्त हेच समजावत असतो. टांकसाळीत दाबाखाली धातू मध्यातून कडेकडे वाहतो आणि पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म रेषा उमटतात. नवे नाणे प्रकाशात फिरवले की चाकाच्या आऱ्यांसारखा उजेडाचा पट्टा त्यावरून गोल फिरतो, तो या रेषांमुळे. संग्राहक त्याला लस्टर म्हणतात. ही चमक टांकसाळीत एकदाच मिळते. पॉलिश करून नाणे आरशासारखे लखलखीत होईल, पण तो पट्टा परत येणार नाही, कारण त्या रेषाच घासल्या गेल्या. चिंचेतले आम्ल वरचा काळा थर आणि त्याबरोबर पृष्ठभागही खाते. राखेतले कण बारीक ओरखडे पाडतात. बाजूच्या प्रकाशात ते एकाच दिशेने गेलेल्या केसाएवढ्या रेषा म्हणून दिसतात, त्यांना हेअरलाइन म्हणतात.

तुमच्या फोटोत राणीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत अशा रेषांचा झुबका आहे. आजीने काही चुकीचे केले असे म्हणणार नाही. तिच्यासाठी ते देवापुढे मांडायचे धन होते, स्वच्छ करून, हळदकुंकू वाहून पुजायचे. महाराष्ट्रात घराघरांत हेच झाले आहे, आणि म्हणूनच मूळ पृष्ठभाग शाबूत असलेला रुपया इथल्या बाजारात इतका आवडीने उचलला जातो.

चांदीवर कालांतराने येणारा काळसर, निळसर किंवा सोनेरी थर म्हणजे टोनिंग. हवेतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो तयार होतो. एकसारखे, नैसर्गिक टोनिंग असलेल्या नाण्याला जाणकार जास्त पैसे देतात, कारण त्याच्याखाली मूळ कातडी सुरक्षित आहे याची ती खूण असते. म्हणून यापुढे एकच विनंती: डब्यातले उरलेले एकही नाणे साफ करू नका. टूथपेस्ट नको, लिंबू नको, भांड्यांची पावडर नको, सराफाकडचे उजळण तर अजिबात नको. फार चिकट मळ असला तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काढता येतो, त्याचा चांदीवर परिणाम होत नाही. मात्र ते पेट घेणारे द्रव आहे, खिडकी उघडी ठेवून, जवळपास गॅस किंवा निरंजन नसताना वापरायचे.

तुमच्या नाण्यात आणखी एक गोष्ट मला दिसली, ती सराफालाही दिसली असणार. राणीच्या मुकुटाच्या वर, कडेवर एक बोथट उंचवटा आहे आणि तिथल्या रेघा बुजल्या आहेत. पूर्वी रुपयांना कडी डाखवून माळेत ओवत. ही बहुधा त्या डाखाची जागा आहे, कडी काढून कानस मारलेली. संग्राहकांच्या लेखी हा दोष घासण्यापेक्षाही मोठा. परदेशी ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला आकडा देतच नाहीत. किती तपशील उरला आहे तेवढे लिहितात आणि पुढे ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात, सोबत कारण: घासलेले, डाखलेले, भोक बुजवलेले. सराफांचे छोटे छाप मारलेली नाणीही याच गटात जातात, जरी मला स्वतःला ते छाप आवडतात. ते नाणे किती हातांतून पारखून गेले याचा तो पुरावा असतो. पण बाजार माझ्या आवडीने चालत नाही.

तेव्हा माझे मत असे: नाणे खरे वाटते. पुढची बाजू फाइन, मागची फाइनच्या थोडी वर, आणि शेरा ‘घासलेले, डाखाची खूण’. एकूण ग्रेड पुढच्या बाजूवरून धरतो, कारण घेणारा राणीचा चेहरा आधी पाहतो.

आता भाव. सर्वांत खाली तळ असतो, तो धातूचा. ११.४८ ग्रॅमपैकी शुद्ध चांदी साधारण साडेदहा ग्रॅम. उदाहरणार्थ चांदी किलोला एक लाख धरली तर ग्रॅमला शंभर रुपये, म्हणजे नाण्यात सुमारे १,०५० रुपयांची चांदी. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा खरा भाव घालून हाच हिशेब करा. सराफ त्यातून घट कापतो, कारण त्याला नाणे वितळवायचे आहे. त्याने तुम्हाला फसवले नाही, त्याच्या धंद्याप्रमाणे भाव सांगितला.

तळाच्या वर किती, हे प्रकार आणि अवस्था ठरवते. सर्वसाधारण प्रकाराचे, झिजलेले आणि घासलेले नाणे तळाला चिकटूनच राहते. चांदी महाग झाली की ही नाणी आणखीच चिकटतात, कारण धातूची किंमत वर येते आणि संग्राहकाचा उत्साह तेवढाच राहतो. वरच्या पायऱ्यांवर चित्र उलटे होते. व्हीएफपासून ईएफला जाताना भाव बऱ्यापैकी उडी मारतो, ईएफपासून मूळ चमकेच्या यूएनसीला जाताना त्याहून मोठी, कारण तिथे नाणी कमी आणि मागणारे जास्त असतात. म्हणून ‘१८६२ च्या रुपयाला किती’ या प्रश्नाला एकच उत्तर कधीच नसते.

वरची बाजू शोधायला झालेले सौदे पाहायचे, मागितलेले भाव नाहीत. मुंबईचे तोडीवाला आणि ओसवाल, बंगळूरचे मरुधर, अहमदाबादचे क्लासिकल न्यूमिस्मॅटिक गॅलरी अशी लिलावगृहे त्यांच्या कॅटलॉगमध्ये फोटो आणि वर्णन देतात आणि लिलावानंतर मिळालेला भाव जाहीर होतो. तुमच्याच टिंबांचे, तुमच्याच अवस्थेतले नाणे शोधा. एका निकालावर जाऊ नका. दोन हट्टी माणसे एकमेकांविरुद्ध बोली लावत बसली की एखादा भाव विनाकारण चढतो. निदान चार-पाच निकाल पाहून मधला धरा. शिवाय हॅमरची किंमत, म्हणजे लिलावातली शेवटची बोली, म्हणजेच घेणाऱ्याने मोजलेले पैसे नव्हेत, त्यावर कमिशन आणि कर लागतो. विकणाऱ्याच्या हाती हॅमरपेक्षाही कमी येते, कारण त्याच्याकडूनही कमिशन घेतात.

व्यापाऱ्याचा घेण्याचा आणि विकण्याचा भाव यांत अंतर असतेच. त्याचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, परत आलेले नाणे घ्यावे लागते, दुकानाचे भाडे असते. मी स्वतः रास्त भाव असा धरतो: घेणाऱ्याला तो दुसऱ्या जाणकाराला सांगताना लाज वाटू नये, आणि विकणाऱ्याला पुढच्या वर्षी निकाल पाहून लुटल्यासारखे वाटू नये. तुमचा रुपया सर्वसाधारण प्रकाराचा निघाला तर धातूच्या पूर्ण किमतीवर, घट न कापता, दहा-पंधरा टक्के वर मिळाले तर मी तो सौदा रास्त म्हणेन. टिंबांवरून कमी मिळणारा प्रकार निघाला तर हिशेब बदलेल. दुर्मिळ प्रकाराला दोष असला तरी घेणारे असतात, कारण त्याच्या जागी घ्यायला दुसरे नाणे सहज मिळत नाही.

अडीच लाखाच्या जाहिरातीबद्दल स्पष्ट बोलतो. तो भाव कुणी दिलेला नाही. अशा जाहिरातीवर संपर्क केला की पुढची पायरी बहुधा ‘नोंदणी शुल्क’, ‘कर’ किंवा ‘कमिशन’ आधी भरा अशी असते, कधीकधी रिझर्व्ह बँकेचे बनावट पत्र दाखवून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये पत्रक काढून सांगितले आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती कसलेही शुल्क मागत नाही. नाणे विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा सौदा खरा नसतो. त्याच पंगतीतले दुसरे प्रकार म्हणजे एका बाजूला रामदरबार किंवा हनुमान आणि दुसऱ्या बाजूला १८१८ साल व ईस्ट इंडिया कंपनीचे नाव असलेली तांब्या-पितळेची ‘नाणी’. कंपनीने अशी नाणी कधीही पाडलेली नाहीत. तांदूळ ओढून घेणाऱ्या नाण्याच्या गोष्टीत तर गावोगावच्या लोकांची आयुष्यभराची कमाई गेली आहे. भाच्याला हे आवर्जून सांगा.

डब्यात पंचम जॉर्जचेही काही रुपये आहेत असे तुम्ही शेवटी लिहिले आहे. १९१७ ते १९१९ ची साले असतील तर ती सर्वसाधारण, कारण पहिल्या महायुद्धात रुपयांची एवढी टंचाई झाली की अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याखाली २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांसाठी विकली, आणि रुपये पाडण्याचे काम जोरात चालले. मात्र १९११ साल दिसले तर बाजूला ठेवा. त्या नाण्यावर राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली आणि ती नाणी परत घेतली गेली. १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा झाला. सहावा जॉर्ज आणि १९३९ साल दिसले तर आणखी सावध व्हा. तो रुपया खरोखर दुर्मिळ आहे आणि म्हणूनच त्याच्या नकला खूप, १९३८ मधला आठ कोरून नऊ केलेलेही आढळतात. भिंगाखाली शेवटच्या आकड्याभोवतीचा पोत पाहा. १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, त्यामुळे त्यापुढच्या नाण्यांचा धातूचा हिशेब वेगळा करा, सराफ तो करतोच.

कायद्याचे एक. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या ओळखीच्याकडे ‘ग्रेडिंग करून आणायला’ किंवा विकायला पोस्टाने पाठवू नका. घरात ठेवायला किंवा देशात विकायला अडचण नाही.

ठेवायचे कसे, तर मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात नाही. त्या पीव्हीसीतून हिरवट चिकट थर सुटतो आणि तो चांदी खातो. मायलरची (पॉलिएस्टरच्या पारदर्शक प्लास्टिकची) पाकिटे किंवा जाड कागदी चौकटी घ्या, त्या पुण्यामुंबईच्या नाणे प्रदर्शनांत सहज मिळतात. तुम्ही नाशिक जिल्ह्यातल्या आहात, तेव्हा अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय एकदा जरूर पाहा. तिथे चांगल्या अवस्थेतली नाणी समोर पाहिली की फाइन आणि ईएफ यांतला फरक माझ्या इतक्या शब्दांपेक्षा लवकर कळेल.

आता तुमच्याकडून मला दोन फोटो हवेत. नाणे पाच मिनिटे ॲसिटोनमध्ये ठेवून हळदीचा थर सुटतो का पाहा, काडीने खरवडू नका. मग मागच्या बाजूचा फोटो, दिवा डाव्या बाजूने, मोबाईल नाण्याच्या बरोबर वर आणि सरळ, एक फोटो सालाच्या खालच्या भागाचा आणि एक वरच्या फुलाचा. टिंबे मोजता आली की कोणता उपप्रकार ते सांगतो. तोपर्यंत सराफाला नाही म्हणा.